भीती होती, भीड नव्हती: इव्हान बाहऱ्यानीच्या एका पत्रकाची केस

साल १९४६. जर्मनी. युद्ध संपून वर्ष होत आलेलं. एक युक्रेनियन माणूस छोटंसं पत्रक लिहितो, आणि सुरुवातीलाच स्वतःबद्दल सांगतो की मला पक्कं घर नाही, मी बेवारशी कुत्र्यासारखा युरोपभर हिंडतोय, आणि आपण पकडले जाऊन परत पाठवले जाऊ या नुसत्या विचारानेच माझे केस पांढरे होतात, म्हणून मी सोबत पोटॅशियम सायनाईडचा डोस बाळगतो. पत्रकाचं नाव 'मला सोव्हिएत युनियनमध्ये परत का जायचं नाही?', लेखकाचं नाव इव्हान बाहऱ्यानी.

याला आज युक्रेनमध्ये निर्भीड लेखक म्हणून शाळेत शिकवतात, आणि मला खरं सांगायचं तर आधी ते पटेना. खिशात विष घेऊन फिरणारा माणूस निर्भीड कसा काय, हा तर उघड उघड टरकलेला आहे. मग एक दिवस डोक्यात लाईट लागला की घोळ माझ्या मराठीचाच आहे. निर्भय वेगळं, निर्भीड वेगळं. ज्याला भय नाही तो निर्भय. ज्याला भीड नाही तो निर्भीड. भीड म्हणजे समोरच्याला काय वाटेल, एवढ्या मोठ्या माणसांसमोर हे कसं बोलायचं, आत्ताच कशाला विषय काढा, ही जी आपली सगळी मुरवत असते ना, ती. भीड भिकेची बहीण म्हणतात तीच ही भीड. बाहऱ्यानीकडे भय पोतंभर होतं आणि ते त्याने लपवलंही नाही, भीड मात्र दमडीची नव्हती. त्याची केस मला या एका फरकासाठी मांडायचीय.

(मला युक्रेनियन येत नाही. इंग्रजी भाषांतर, शेजारच्या टॅबमध्ये मूळ मजकूर आणि डिक्शनरी, असं करत करत वाचलंय. खाली जी वाक्यं मराठीत येतील ती माझ्या ओबडधोबड मराठीत.)

आधी परिस्थिती, कारण ती नीट कळल्याशिवाय पत्रकाची किंमत कळत नाही. फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टाला दोस्त राष्ट्रांच्या बैठकीत जे ठरलं त्यात एक कलम असं होतं की दोस्त सैन्याला जे सोव्हिएत नागरिक सापडतील ते सोव्हिएत युनियनला परत द्यायचे. कागदावर वाचायला किती बरं वाटतं, लोकांना घरी पोचवायचं, अजून काय पाहिजे. आणि सुरुवातीला गेलेही, १९४५ च्या सप्टेंबरपर्यंत वीस लाखांच्या वर माणसं पाश्चात्यांच्या ताब्यातल्या भागातून तिकडे गेली, बरीचशी आपण होऊन, घराच्या ओढीने. पण मागे राहिलेल्यांमध्ये असे लाखो होते ज्यांना माहीत होतं की तिकडे गेल्यावर स्टेशनवर हार घेऊन कोणी उभं नाहीये. युद्धात शरण गेलेला माणूस म्हणजे गद्दार, हे स्तालिनच्या १६ ऑगस्ट १९४१ च्या आदेश क्रमांक २७० पासून ठरलेलं होतं. परत येणाऱ्यांना आधी चाळणी छावण्यांतून जावं लागायचं, तिथे चौकशी, तू जिवंत कसा राहिलास इथपासून सुरुवात.

१२ ऑगस्ट १९४५ ला बव्हेरियातल्या केम्प्टन गावी काय झालं ते बघा. कॅम्पमधल्या निर्वासितांनी चर्चमध्ये आसरा घेतला, त्यांना वाटलं देवळात तरी हात घालणार नाहीत. अमेरिकन सैनिक आत घुसले आणि लोकांना ओढत बाहेर आणून ट्रकमध्ये भरलं. हिटलरला हरवणारे हेच सैनिक बरं का. नंतर अमेरिकनांनाही ते झेपेना आणि १९४५ संपता संपता त्यांनी सक्ती बरीच आवरती घेतली, जर्मन युनिफॉर्ममध्ये सापडलेले, सोव्हिएत सैन्यातून पळालेले वगैरे सोडून. पण लोकांना परत न्यायला आलेली सोव्हिएत कमिशनची माणसं कॅम्पांमध्ये फिरतच होती, आणि कॅम्पमधल्या माणसाला वॉशिंग्टनमध्ये काय ठरलं हे थोडंच कळतं, त्याला दिसतो तो फाटकाबाहेरचा ट्रक.

आता यातली मेख. १९३९ च्या १ सप्टेंबरआधी जे पोलंडचे नागरिक होते, म्हणजे पश्चिम युक्रेनमधले, ल्विव्हकडचे, त्यांना अमेरिकन-ब्रिटिश सोव्हिएत नागरिक मानत नव्हते. त्यामुळे ते सुटले. मग पूर्वेकडच्या युक्रेनियनांनी काय करावं? खोटं बोलावं, दुसरं काय. मी ल्विव्हचा, मी तेर्नोपिलचा, कागद बॉम्बिंगमध्ये जळाले. लोक एकमेकांना गल्ल्यांची नावं शिकवायचे म्हणजे स्क्रीनिंगच्या वेळी अडकायला नको. यात मला काडीचंही चूक दिसत नाही, जीव वाचवायला जन्मगाव बदललं तर बदललं.

आणि अशा वातावरणात हा बाबा छापील पत्रकात लिहितो: मी युक्रेनियन, कामगार घरातला, वय ३५, जन्म पोल्ताव्हा भागातला. पोल्ताव्हा म्हणजे पक्का सोव्हिएत युक्रेन, तिथे पोलंडबिलंड काही नाही. ज्या एका वाक्यासाठी लोक रात्र रात्र जागून खोटं पाठ करत होते ते वाक्य त्याने उलटं करून जगाच्या तोंडावर मारलं. मी तुमच्या यादीतलाच आहे, आणि तरी येत नाही, आणि का येत नाही ते ऐका.

हा माणूस होता कोण. खरं आडनाव लोझोव्यागा, बाहऱ्यानी हे टोपणनाव, अर्थ साधारण किरमिजी. जन्म १९०६, ओख्तिर्का, आज ते सुमी प्रांतात येतं. वडील गवंडी. चित्रकला शिकायला कीव्हला गेला, कोर्स पूर्ण करू दिला नाही. १९२९ मध्ये त्याने 'आव्हे मारिया' नावाची दीर्घ कविता सेन्सॉरला बगल देऊन स्वतःच छापली, प्रकाशक म्हणून नाव टाकलं 'साम', म्हणजे युक्रेनियनमध्ये 'स्वतः'. ती अर्थातच लगेच बंद झाली. पण तिच्या सुरुवातीला जे लिहिलंय ते वाचून मी हसलो आणि मग गप्प बसलो. म्हणतो, मला कवी म्हणू नका, कारण आजकाल कवी या शब्दाचा थोडक्यात अर्थ झालाय सरडा, वेश्या, सट्टेबाज, उपटसुंभ, आळशी. मला फक्त माणूस व्हायचंय, ते जगात फार कमी आहेत. आणि अर्पणपत्रिका: जे गुलाम म्हणून जन्मले आणि गुलाम राहायला तयार नाहीत त्या सगळ्यांना, आणि माझ्या गरीब आईला. वय तेवीस! सरकारी पगारावर कविता पाडणाऱ्या अख्ख्या पंगतीला एका पानात झोडून मोकळा. भीड नसणं म्हणजे काय ते इथेच दिसतं, आणि अजून तुरुंग बघायचा होता.

तुरुंगाची पाळी आली १६ एप्रिल १९३२ ला, खार्किव्हमध्ये. आरोप असा की साहित्यातून क्रांतिविरोधी प्रचार. अकरा महिने एकांत कोठडी, मग तीन वर्षं अतिपूर्वेला हद्दपारी. तिथून पळाला, तैगाच्या जंगलात तिकडे आधीच्या पिढ्यांत जाऊन वसलेल्या युक्रेनियन शेतकऱ्यांमध्ये राहिला, घरच्या ओढीने परत निघाला आणि वाटेत पकडला गेला, पुन्हा लेबर कॅम्प. १९३८ मध्ये ओख्तिर्काच्या घरातून तिसऱ्यांदा उचलला, खार्किव्हच्या खोलोद्ना होरा तुरुंगात टाकला. नावाचा अर्थ थंड डोंगर. १९४० मध्ये फुफ्फुसं पार खराब झालेला माणूस बाहेर आला. पळण्याच्या अनुभवातून त्याने 'तिह्रोलोव्ही', म्हणजे 'वाघ पकडणारे', ही कादंबरी लिहिली, तिच्यातलं एक वाक्य आज युक्रेनियन पोरं टी-शर्टवर घालतील इतकं पाठ आहे: सडत जगण्यापेक्षा पळत मरणं बरं. कादंबरी वेगवान आहे, थोडी सिनेमॅटिक आहे, नायकाला फारच सगळं जमतं असं माझं मत, पण ते असो.

आता पत्रकाकडे.

त्याची खुबी मला विचारांत फारशी दिसत नाही, एका शब्दाला त्याने जे केलंय त्यात दिसते. सोव्हिएत कमिशनवाले कॅम्पात येऊन काय म्हणायचे, 'रोदिना' तुम्हाला बोलावतेय. रशियनमध्ये रोदिना म्हणजे मायदेश. बाहऱ्यानी हा शब्द पत्रकभर अवतरणचिन्हांत टाकतो आणि का टाकतो तेही सांगतो, की हा आमच्यासाठी भयंकर अर्थाने भरलेला, परका शब्द आहे, शंभर राष्ट्रांना मिळून एकच 'रोदिना' बनवली आणि ती जबरदस्तीने गळ्यात मारली, आणि आता गळ्यात फास टाकून त्या 'रोदिने'कडे ओढायला जगभर आमच्या मागे धावतायत. आता गंमत अशी की युक्रेनियन भाषेत हाच शब्द, लिहायला तोच, उच्चारात किंचित फरक, त्याचा अर्थ आहे कुटुंब! आपल्याकडे कसं, हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण आणि मराठीत शिक्षा म्हणजे छडी. दिल्लीहून कोणी प्रेमाने म्हणावं की तुमच्या मुलांना शिक्षा देणार आणि इकडे पोरं पळत सुटावीत. इथे उलटं झालंय, शब्द ऐकायला घरचा आणि आतून छडीच. त्या दोन छोट्या चिन्हांमध्ये त्याने अख्खं राजकारण बसवलंय, आणि हे करायला धाडसाइतकाच कानही लागतो.

मग तो पुराव्याकडे येतो, आणि पुरावा म्हणून पहिली गोष्ट काढतो ती कुठल्या धोरणाची किंवा आकड्याची नाही. आजोबांची. १९२० साल, मी दहा वर्षांचा, आजोबांकडे खेड्यात मधमाशांच्या पोळ्यांच्या वाडीत राहत होतो. आजोबा ९२ वर्षांचे, एका हाताने अधू, तरी पोळी सांभाळायचे. वाडीच्या मध्यभागी जुनं लिंडेनचं झाड, त्याखाली झोसिमा आणि सव्हाती या संतांची तसबीर लावलेली, हे तिकडे मधमाशीवाल्यांचे संत, आणि पोराला आजोबा त्या तसबिरीतल्या संतांसारखेच वाटायचे. एका संध्याकाळी परकी भाषा बोलणारी हत्यारबंद माणसं आली आणि नातवंडांच्या डोळ्यांदेखत, पोरं जिवाच्या आकांताने किंचाळत असताना, त्या म्हाताऱ्याला आणि त्याच्या एका मुलाला मारलं. संगिनी खुपसत राहिले, काहीतरी विचारत राहिले, खाली पडलेल्यांवर पिस्तुलं झाडली, हसत होते. तसबिरीभोवती सगळं रक्ताने शिंपडलेलं. गुन्हा काय, तर आजोबा बऱ्यापैकी खाऊनपिऊन सुखी शेतकरी आणि कम्यूनच्या विरोधात, आणि काका १९१७-१८ मध्ये युक्रेनियन लोकसत्ताकाच्या सैन्यात होता.

यात एक हात, ९२ वय, झाडाची जात, तसबिरीतल्या संतांची नावं, सगळं आहे. मारणाऱ्यांना मात्र नावं नाहीत, ती नुसती परकी भाषा बोलणारी माणसं. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

पुढे तो १९३२-३३ च्या दुष्काळावर येतो, गव्हाच्या देशात पाडलेल्या दुष्काळावर, मारलेल्या लेखकांवर, रस्त्यावर टाकल्या गेलेल्या पोरांवर. आज त्या दुष्काळाचं होलोदोमोर हे नाव निदान पेपर वाचणाऱ्यांना माहीत असतो. १९४६ मध्ये बाहेरच्या जगात हे बोलणं म्हणजे वेडेपणा वाटायचा. १९३३ मध्येच फ्रान्सचे माजी पंतप्रधान एदुआर एरियो युक्रेनमध्ये फिरून गेले होते आणि त्यांना सगळीकडे फुललेली बाग दिसली होती, दाखवणाऱ्यांनी दाखवलीच तशी. आणि १९४६ मध्ये तर सोव्हिएत म्हणजे विजेते, बर्लिनमध्ये झेंडा लावणारे, न्यूरेंबर्गला न्यायाधीशांच्या खुर्चीत बसलेले. लग्नाच्या मांडवात, सगळे जेवायला बसलेले असताना, नवरदेवाच्या काकांवरची खुनाची केस काढण्यासारखं होतं ते. युरोपातल्या भल्या लोकांना ते ऐकायचंच नव्हतं. भीड म्हणतो ती इथे पाळली जात होती, आणि पाळणारे वाईट लोक नव्हते हीच अडचण.

बाहऱ्यानी शेवटी परत जायची अट घालतो. मी जाईन की, म्हणतो, इथल्या आणि सायबेरियातल्या छावण्यांमधल्या लाखो भावाबहिणींबरोबर जाईन, जेव्हा एनकेव्हीडी, म्हणजे सोव्हिएत गुप्त पोलीस, हिटलरच्या गेस्टापोच्या मागोमाग जाईल. लाल फॅसिझम वगैरे शब्दही तिथे आहेत. मला पत्रकाचा हा भाग जरा भाषणबाजीचा वाटतो, पोळ्यांच्या वाडीनंतर आवाज चढवायची गरज नव्हती. पण तो अर्ज लिहीत नव्हता, दारावर ट्रक उभा असताना ओरडत होता, तेव्हा मी आरामखुर्चीतून आवाज मोजणं बरं दिसत नाही.

इथपर्यंत केस सरळ आहे. आता जिथे मी अडखळलो ते.

पहिलं, वय. १९२० मध्ये दहा आणि आत्ता ३५, हा हिशोब एकमेकांशी जुळतो, म्हणजे जन्म १९१० च्या आसपासचा. पण सगळीकडे त्याचा जन्म १९०६ दिलाय. म्हणजे आजोबा गेले तेव्हा तो तेरा-चौदाचा, आणि पत्रक लिहिताना चाळिशीला टेकलेला. मग हे काय? सत्य सांगणाऱ्या माणसाने पहिल्याच ओळींत वयाची थाप मारली? पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी थोडा खट्टू झालो. मग वाटलं, ज्याला शोधणाऱ्यांकडे फाईल आहे, तीन अटकांची, जन्मतारखेसकट, तो छापील कागदावर बरोबर जन्मसाल कशाला देईल. पोल्ताव्हा भागाचंही तसंच, ओख्तिर्काचं नाव त्याने घेतलेलं नाही. हा माझा अंदाज आहे, त्याने कारण दिलेलं नाही. पण जर तसं असेल तर बघा, त्याने लपवलं काय तर स्वतःला शोधून काढायचा धागा, आणि उघडं काय ठेवलं तर तो सोव्हिएत नागरिक असल्याची गोष्ट, जिच्यामुळे त्याला खरोखर परत पाठवता आलं असतं. दुसरी शक्यताही आहेच, की दहा वर्षांचं पोर म्हटलं की वाचणाऱ्याच्या काळजाला जास्त लागतं. लेखक आहे शेवटी. दोन्ही खरं असू शकतं.

दुसरी अडचण मोठी आहे. जर्मनांच्या अंमलात, १९४१ नंतर, बाहऱ्यानी ओख्तिर्कामध्ये निघणाऱ्या युक्रेनियन वर्तमानपत्रात काम करत होता. त्या काळात कोणताही छापखाना जर्मन परवानगीशिवाय चालत नव्हता हे सांगायला नको. यावरून त्याला हिटलरचा माणूस ठरवणं हे सोव्हिएत प्रचाराचं आवडतं काम होतं आणि ते मला मान्य नाही, तीन वेळा तुरुंगात टाकणारं सरकार पळून गेल्यावर माणूस आपल्या भाषेत लिहायला बसला यात आश्चर्य काही नाही. पण त्या काळात त्याच भूमीवर ज्यूंचं काय चाललं होतं हे तिथे राहणाऱ्या कोणालाही दिसत होतं, आणि पत्रक एका बाजूच्या मारेकऱ्यांबद्दल जितक्या बारकाईने बोलतं तितकं दुसऱ्या बाजूच्या नाही. गेस्टापोचं नाव येतं ते तुलनेला. हे त्याच्या विरुद्धचं आरोपपत्र म्हणून लिहीत नाहीये, केस लिहायची तर ही फाईलही टेबलावर ठेवायला हवी.

आता पुढची पायरी, आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात अवघड. जर्मनीतल्या नॉय-उल्ममध्ये तो स्थिरावला, तिथून 'उक्राइन्स्की विस्ती' नावाचं वर्तमानपत्र चालवलं, आणि १९५० मध्ये खार्किव्हच्या तुरुंगावरची जाडजूड कादंबरी काढली. नाव 'गेथशेमानेची बाग'. बायबल वाचलेल्यांना कळेल, येशूला पकडून दिलं ती रात्र. आंद्रिय चुमाक नावाचा माणूस पळून घरी येतो आणि लगेच पकडला जातो, घरातल्याच कोणीतरी खबर दिलीय, आणि तुरुंगातल्या मारापेक्षा त्याला हा प्रश्न जास्त कुरतडतो की माझ्या भावांपैकी कोण? पोलिसांना कबुलीजबाबावर सही हवी असते. दिवसरात्र आळीपाळीने चौकशी, झोप नाही, त्याला तिकडे कन्व्हेयर म्हणतात. आणि कबूल झालेल्या माणसाला जो शब्द वापरतात त्याचा अर्थ शब्दशः 'फुटला'. आपल्याकडे साक्षीदार फुटतो तसंच. जगभरच्या पोलिसांना लाकडं फोडल्यासारखीच माणसं दिसत असावीत.

कादंबरीच्या माथ्यावर त्याने लिहिलंय की माणूस हा सगळ्या प्राण्यांत थोर, माणूस हा सगळ्यात दुर्दैवी, माणूस हा सगळ्यात नीच, आणि या तिन्हींतून पहिलं निवडून उदाहरणाने सिद्ध करणं किती कठीण आहे. हे झकास आहेच. पण मी थांबलो ते त्याच्या आधीच्या छोट्या सूचनेपाशी. आपण सिनेमाच्या सुरुवातीला काय वाचतो, यातील सर्व पात्रे काल्पनिक असून साधर्म्य आढळल्यास योगायोग समजावा. बाहऱ्यानी बरोबर उलटं लिहितो: या पुस्तकातली एनकेव्हीडीच्या सगळ्या कर्मचाऱ्यांची आणि तुरुंगाच्या अधिकाऱ्यांची आडनावं, एकही अपवाद न करता, खरी आहेत, आणि कैद्यांचीही, काही थोडी बदललेली सोडून.

पोळ्यांच्या वाडीतल्या मारेकऱ्यांना नावं नव्हती, आठवतं ना? इथे त्याने हिशोब पुरा केला. खार्किव्हमध्ये मारणारे हे, हे आणि हे, आडनावासकट. कादंबरी म्हणून विकलं जाणारं पुस्तक आणि आत साक्षीदाराचा जबाब. स्तालिन अजून तीन वर्षं जगणार होता. अधिकाऱ्यांची नावं घेण्याबद्दल माझ्या मनात काहीच शंका नाही.

शंका कैद्यांबद्दल आहे. त्यातले किती १९५० मध्ये जिवंत असतील, किती कुठल्या कॅम्पात असतील, आणि परदेशात छापलेल्या सोव्हिएतविरोधी पुस्तकात आपलं नाव आलंय हे तिथल्या साहेबाला कळल्यावर काय होईल? काही नावं बदलली असं तो स्वतःच म्हणतो, म्हणजे हा विचार त्याच्या डोक्यात होता, कोणासाठी तरी त्याने केला. बाकीच्यांसाठी कसं ठरवलं? मेलेले म्हणून? की नाव न घेता गेलेला माणूस दुसऱ्यांदा मरतो म्हणून? मी एका मित्राशी यावर तासभर वाद घातला. तो म्हणाला तुरुंगातल्या माणसाला सगळ्यात मोठी भीती असते की आपलं काय झालं हे कोणाला कळणारच नाही, नाव छापणं हीच त्यांची शेवटची मागणी असेल. असेल. पण विचारून तर घेता आलं नव्हतं. निर्भीडपणाची ही बाजू मला अजून पचलेली नाही, स्वतःची भीड सोडणं आपल्या हातात असतं, पण बिल कधी कधी दुसऱ्याच्या पत्त्यावर जातं.

आणि त्याच्या बाबतीत ते गेलंच, थेट घरी. पहिल्या लग्नाची बायको आणि दोन मुलं मागे युक्रेनमध्येच राहिली होती. १९५५ मध्ये सोव्हिएतांनी पूर्व बर्लिनमध्ये एक समिती काढली, काम परदेशातल्या लोकांना परत बोलावणं, आणि समितीच्या नावात शब्द कोणता, तर तोच, रोदिना. त्या सगळ्या वर्षांत रेडिओवरून एकेकाच्या नातेवाइकांना बोलायला लावायचे. बाहऱ्यानीच्या मुलालाही बसवलं मायक्रोफोनसमोर, आणि त्याने बापाला परत यायचं आवाहन केलं. नॉय-उल्ममधल्या त्या खोलीत त्याने ते ऐकलं असेल तेव्हा काय झालं असेल याचं वर्णन मी करणार नाही, मला माहीत नाही आणि बनवायचंही नाही. तो गेला नाही एवढं खरं.

त्यातून इकडे स्वतःच्या लोकांशीही पटेना. निर्वासित युक्रेनियनांमध्ये जे कडवे गट होते, विशेषतः राष्ट्रवादी नेता स्तेपान बांदेराचे, त्यांच्याशी याचं वाजलेलं होतं, कारण हा म्हणायचा की युक्रेनचं भलं करणारी माणसं ही तिथे आत राहणारी, सोव्हिएत शाळेत शिकलेली, कोमसोमोल या कम्युनिस्ट युवक संघटनेत असलेली माणसंच असतील, म्युनिकमध्ये बसून त्यांना गद्दार म्हणू नका. झालं, याच्यावरच मॉस्कोचा एजंट असल्याचा शिक्का. तिकडचे म्हणतात फॅसिस्ट, इकडचे म्हणतात कम्युनिस्ट. भीड न ठेवणाऱ्याचं पंगतीत पान कुठेच नसतं.

२५ ऑगस्ट १९६३ ला जर्मनीतल्याच झांक्ट ब्लाझिएनच्या सॅनेटोरियममध्ये तो गेला, नॉय-उल्मला पुरला. एनकेव्हीडीचं नाव तोवर बदलून केजीबी झालं होतं, बाकी घातलेली अट काही पूर्ण झाली नव्हती. १९९२ मध्ये स्वतंत्र युक्रेनने त्याला मरणोत्तर शेव्हचेन्को पुरस्कार, तिकडचा मोठा सरकारी पुरस्कार, दिला, याच दोन कादंबऱ्यांसाठी. मार्च २०२२ मध्ये ओख्तिर्काचं नाव पुन्हा कानावर आलं, रशियन बॉम्बहल्ल्यात तिथलं वीज आणि गरम पाण्याचं केंद्र उद्ध्वस्त झालं होतं, ऐन थंडीत. गाव काही पडलं नाही. मी तेव्हा बातमीतला नकाशा झूम करून बघत होतो, ह्याचंच गाव ना म्हणून.

आपल्याकडे हा माणूस कधी आलाच नाही, आणि याचं कारणही त्याच कहाणीत आहे. माझ्या लहानपणी शाळेच्या हॉलमध्ये पुस्तकांचं प्रदर्शन लागायचं, मॉस्कोच्या प्रगती आणि रादुगा प्रकाशनाची पुस्तकं, गुळगुळीत कागद, मस्त चित्रं, किंमत चार-पाच रुपये, काही चक्क मराठीत. मी त्यांच्यावरच वाढलो आणि त्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही, अजूनही कपाटात आहेत. त्यात युक्रेनियन लोककथाही होत्या, कोल्हा, हातमोजा, गव्हाची लोंबी. फक्त त्या गव्हाच्या शेतात १९३३ मध्ये काय झालं हे सांगणारा माणूस त्या टेबलावर असणं शक्यच नव्हतं.

म्हणून एवढ्यात मी त्या पत्रकाचं पहिलं पान मराठीत करायला घेतलं, स्वतःपुरतं. कुत्र्याचं वाक्य पटकन आलं, सायनाईडचंही. अडलो ते रोदिनापाशी. 'मायदेश' लिहिलं, अवतरणचिन्हं घातली, वाचून बघितलं, नाही जमलं, त्यात माय आहे आणि आपल्या कानाला ती खरीच वाटते. 'मातृभूमी' लिहिलं तर पंधरा ऑगस्टचं भाषण. 'वतन' तर हिंदी सिनेमा. तीन दिवस ते एक पान असंच पडून होतं. शेवटी 'रोदिना' तसंच ठेवलं, त्याच्या दोन्ही चिन्हांसकट, आणि पुढच्या वाक्यावर गेलो.